गिटार विवर्धक, निर्वात नलिकायुक्त

विद्युत् गिटारच्या पिकअपमध्ये निर्माण होणारा क्षीण विद्युत् संकेत निर्वात नलिकांच्या साहाय्याने वाढवून तो ध्वनिक्षेपकास पुरविणारे उपकरण. रेडिओ, दूरचित्रवाणी आणि घरगुती ध्वनियंत्रे यांतून निर्वात नलिका १९६० नंतरच्या दोन दशकांत ट्रँझिस्टरांमुळे जवळजवळ हद्दपार झाली. गिटार विवर्धकात मात्र ती आजही टिकून आहे. याचे कारण सामान्यतः ‘नलिकेचा आवाज’ या दोन शब्दांत सांगितले जाते. तथापि या आवाजातील नेमका किती वाटा नलिकेचा आणि किती इतर घटकांचा, हा प्रश्न वादाचा राहिला आहे. वादकाच्या खर्चाच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा आहे. कारण जुन्या नलिका, जुनी धारित्रे व विशिष्ट प्रकारची तार यांना केवळ ध्वनीच्या अपेक्षेने फार मोठ्या किमती दिल्या जातात.

इतर ध्वनिविवर्धकांहून गिटार विवर्धक एका मूलभूत बाबतीत भिन्न आहे. ध्वनिमुद्रिका ऐकविणाऱ्या विवर्धकाचे काम आदान संकेत जसाच्या तसा मोठा करणे हे असते. त्यात पडलेली कोणतीही भर हा दोष समजला जातो. गिटार विवर्धक हा वाद्याचाच एक भाग आहे. सतारीचा भोपळा किंवा व्हायोलिनची पेटी ज्याप्रमाणे तारेच्या कंपनांना आपला गुण देते, त्याचप्रमाणे हा विवर्धक संकेताला आपला नादगुण देतो. म्हणून त्याच्या बाबतीत ‘दोष किती’ असे न विचारता ‘कोणता दोष, कोठे व किती प्रमाणात’ असे विचारावे लागते.

इतिहास : विद्युत् गिटार अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी बाजारात आली. वाद्यवृंदातील इतर वाद्यांच्या गजरात गिटार ऐकू यावी, एवढाच आरंभीच्या विवर्धकांचा हेतू होता. त्यांची विद्युत् मंडले तत्कालीन रेडिओ व सभागृहातील ध्वनिक्षेपण यंत्रणांच्या मंडलांसारखीच होती. विवर्धकावर त्याच्या कुवतीबाहेर भार टाकला असता येणारा खरखरीत आवाज उत्पादकांच्या दृष्टीने अनिष्ट होता. परंतु वादकांना त्यात एक नवे अभिव्यक्तिसाधन सापडले. १९५१ मध्ये मेंफिस येथे मुद्रित झालेल्या ‘रॉकेट ८८’ या गीतात नादुरुस्त विवर्धकाचा आवाज मुद्दाम ठेवण्यात आला. लिंक रे या वादकाने १९५८ मधील ‘रंबल’ या रचनेसाठी ध्वनिक्षेपकाच्या कागदी शंकूला भोके पाडली, तर १९६४ मध्ये ‘द किंक्स’ या इंग्लिश वृंदाच्या डेव्ह डेव्हिस यांनी एका लहान विवर्धकाचा शंकू पात्याने चिरून हवा तो आवाज मिळविला. या तिन्ही उदाहरणांत नलिकांना कोणी हात लावलेला नव्हता, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

रचना : पिकअपपासून मिळणारा विद्युत् दाब व्होल्टच्या दहाव्या भागापासून सुमारे एक व्होल्टपर्यंत असतो. तो प्रथम पूर्व-विवर्धकातील त्रिप्रस्थ नलिकेच्या जालकाला दिला जातो. १२एएक्स७ (यूरोपीय नाव ईसीसी८३) या नलिकेच्या एका काचेच्या कुपीत दोन त्रिप्रस्थ असतात आणि प्रत्येकाचा विवर्धनांक सुमारे १०० असतो. अशा एक वा अधिक टप्प्यांबरोबर मंद्र, मध्य व तार कंप्रतांचे प्रमाण बदलणारे नादनियंत्रक मंडल जोडलेले असते. त्यानंतरचा कलाविभाजक टप्पा संकेताच्या परस्परविरुद्ध कलेच्या दोन प्रती तयार करून त्या ढकल-ओढ पद्धतीने जोडलेल्या दोन किंवा चार शक्तिनलिकांना (६एल६, ईएल३४, ईएल८४ इ.) देतो. या नलिका चारशे व्होल्टच्या आसपासच्या दाबावर अल्प प्रवाह देतात. ध्वनिक्षेपकाला तर थोड्या दाबाचा मोठा प्रवाह लागतो. हा मेळ प्रदान रोहित्राने घातला जातो. सर्व टप्प्यांना लागणारा एकदिश विद्युत् पुरवठा एकदिशकारक व मोठी धारित्रे यांच्याकडून होतो. [⟶ इलेक्ट्रॉन नलिका, रोहित्र].

विरूपणाचे स्वरूप : जालकावरील संकेत मर्यादेत असेतोवर नलिकेचे प्रदान आदानाच्या प्रमाणात राहते. संकेत वाढल्यावर त्याच्या एका बाजूस नलिकेतील प्रवाह बंद पडतो व दुसऱ्या बाजूस जालक ऋणाग्राच्या सापेक्ष धन होऊन स्वतःच प्रवाह ओढू लागते. परिणामी तरंगाची टोके छाटली जातात आणि मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंप्रतांचे घटक, म्हणजे हरात्मके, त्यात मिसळतात. छाटणी हळूहळू सुरू झाल्यास खालची हरात्मके प्रथम येतात व आवाज भरीव वाटतो. ती एकाएकी झाल्यास वरची हरात्मके लगेच उमटून आवाज कर्कश होतो.

रसेल हॅम यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ध्वनिमुद्रणातील पूर्व-विवर्धकांची अतिभाराखाली तुलना करून, त्रिप्रस्थात दुसरे व ट्रँझिस्टरमध्ये तिसरे हरात्मक प्रबळ असते, असे मांडले. ‘नलिका सम हरात्मके देते म्हणून गोड वाटते’ हे त्याचे सुटसुटीत रूप पुढे सर्वतोमुखी झाले. गिटार विवर्धकाला ते सरसकट लागू पडत नाही. ढकल-ओढ पद्धतीच्या शक्तिटप्प्यात दोन्ही बाजू सारख्या असल्यास त्या टप्प्यात निर्माण होणारी सम हरात्मके एकमेकांना छेद देतात आणि विषम हरात्मके उरतात. कोणती हरात्मके मिळतील हे नलिका की ट्रँझिस्टर यापेक्षा मंडलाची जुळणी, विश्रांतिबिंदू व भाराचे प्रमाण यांवर अधिक अवलंबून असते.

हरात्मकांपेक्षाही कानाला अधिक जाणवणारा परिणाम म्हणजे अनेक स्वर एकत्र वाजविल्यावर उत्पन्न होणाऱ्या बेरीज-वजाबाकीच्या कंप्रता. षड्ज व पंचम यांचे प्रमाण २ : ३ असल्याने त्यांच्या वजाबाकीतून षड्जाच्या खालच्या सप्तकातील षड्ज मिळतो. गिटारचे पडदे समविभाजित स्वरसप्तकात बसविलेले असतात. तरीही पंचमातील तफावत अल्प असल्यामुळे हा वजाबाकीचा स्वर अर्धस्वराच्या सुमारे सतराव्या भागानेच उतरतो. षड्ज व शुद्ध गांधार वाजविल्यास मात्र वजाबाकीचा स्वर अर्धस्वराच्या दोन-तृतीयांशाने चढा येतो व मूळ स्वरांशी विसंवाद करतो. अतिभारित विवर्धकावर रॉक वादक गांधार वगळून केवळ षड्ज-पंचमाची जोडी का वाजवितात, याचे स्पष्टीकरण येथे मिळते. ही शैली विरूपणाच्या गणितातून आलेली आहे. ते विरूपण नलिकेने घडविले वा अन्य साधनाने, याने त्यात फरक पडत नाही.

गाळणी व विरूपण यांचा क्रम : एकाच विवर्धकातील तेच घटक निराळ्या क्रमाने जोडल्यास आवाज पूर्णपणे बदलतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंप्रता सुमारे ८२ हर्ट्‌झ असते. अशा मंद्र घटकांचे दोलविस्तार मोठे असल्याने ते विरूपणाच्या टप्प्यात जसेच्या तसे गेल्यास संपूर्ण छाटणी त्यांच्याच तालाने होते आणि आवाज गढूळ होतो. विरूपणापूर्वी मंद्र भाग कमी केला व विरूपणानंतर तो वाढविला, तर आवाज स्वच्छ व तरीही भारदस्त राहतो. म्हणूनच विवर्धकातील छोट्या धारित्रांची मूल्ये फार परिणामकारक ठरतात. ०·०२ मायक्रोफॅराड धारित्र १ मेगोहम रोधकाबरोबर जोडले असता ८ हर्ट्‌झच्या खालचाच भाग अडविला जातो. म्हणजे गिटारच्या दृष्टीने काहीच अडत नाही. तेथेच ०·००२२ मायक्रोफॅराडचे धारित्र घातल्यास ही मर्यादा ७२ हर्ट्‌झवर येते व मंद्र स्वर उतरू लागतात. ऋणाग्राच्या रोधकाला समांतर असलेल्या धारित्राचेही असेच आहे. १·५ किलो-ओहमाला २५ मायक्रोफॅराड जोडल्यास सर्व कंप्रता सारख्या वाढतात, तर २·७ किलो-ओहमाला ०·६८ मायक्रोफॅराड जोडल्यास विवर्धन ८७ हर्ट्‌झच्या पुढे चढत जाऊन आवाजाला धार येते.

येथे मूल्य आणि द्रव्य यांत भेद करणे आवश्यक आहे. धारित्राचे मूल्य बदलल्याने होणारा फरक गणिताने काढता येतो व सहज ऐकूही येतो. मूल्य तेच ठेवून कागदी, पॉलिएस्टर वा अन्य द्रव्याचे सुस्थितीतील धारित्र घातल्यास होणारा फरक अत्यल्प असतो. जुने कागदी धारित्र बदलल्यावर आवाज सुधारतो, याचे कारण बहुधा त्यातून एकदिश प्रवाहाची गळती होऊन पुढच्या नलिकेचा विश्रांतिबिंदू सरकलेला असतो, हे होय.

ध्वनिक्षेपक व त्याची पेटी : संपूर्ण साखळीत नादगुणावर सर्वांत मोठा परिणाम ध्वनिक्षेपकाचा होतो. गिटारसाठी वापरला जाणारा १० किंवा १२ इंची ध्वनिक्षेपक सर्व कंप्रतांना समान न्याय देत नाही. साधारणतः २,००० ते ४,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात त्याचा प्रतिसाद उंचावतो आणि ५,००० हर्ट्‌झच्या आसपास तो झपाट्याने कोसळतो. त्यामुळे छाटणीतून निर्माण झालेली वरची कर्कश हरात्मके श्रोत्यापर्यंत पोहोचतच नाहीत. हाच विरूपित संकेत विस्तृत कंप्रतापल्ल्याच्या ध्वनिक्षेपकातून ऐकल्यास तो माशीच्या गुणगुणण्यासारखा, असह्य वाटतो. दोन भिन्न बनावटींच्या गिटार ध्वनिक्षेपकांत काही पट्ट्यांत अनेक डेसिबेलांचा फरक असतो. एवढा फरक सारख्या प्रकारच्या दोन सुस्थितीतील नलिकांत आढळत नाही. पेटी मागून बंद की उघडी, ध्वनिक्षेपक एक की चार, श्रोता समोर उभा आहे की बाजूला, तसेच ध्वनिमुद्रणात ध्वनिग्राहक शंकूच्या मध्याशी आहे की कडेशी, यांनीही ध्वनी लक्षणीय रीत्या बदलतो. [⟶ ध्वनिक्षेपक].

ध्वनिक्षेपक व शक्तिटप्पा यांचा परस्परसंबंध हा नलिकायुक्त विवर्धकाचा खरा वैशिष्ट्यपूर्ण भाग होय. ध्वनिक्षेपकाचा संरोध सर्व कंप्रतांना सारखा नसतो. आठ ओहमांचा म्हणून ओळखला जाणारा ध्वनिक्षेपक त्याच्या मंद्र अनुनाद कंप्रतेपाशी त्याच्या अनेक पट संरोध दाखवितो व तार कंप्रतांकडेही त्याचा संरोध चढत जातो. नेहमीच्या ट्रँझिस्टर विवर्धकाचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने त्याचा प्रदान दाब या चढउतारांना दाद देत नाही. शक्तिनलिकांच्या टप्प्याचा अंतर्गत रोध मोठा असतो. त्यामुळे संरोध वाढेल तेथे प्रदान दाबही वाढतो. अर्थात मंद्र अनुनाद व तार स्वर या दोन्हींना उठाव मिळतो. प्रदानाचा काही भाग उलट कलेने मागील टप्प्याकडे परत दिला, म्हणजे ऋण पुनःप्रदाय दिला, तर हा रोध कमी होतो, प्रतिसाद सपाट होतो आणि विरूपण उशिरा पण अधिक एकाएकी सुरू होते. एकच ध्वनिक्षेपक दोन विवर्धकांना जोडला असता निराळा का वाजतो, याचे महत्त्वाचे कारण हे आहे. ट्रँझिस्टर मंडलातही प्रवाहावर आधारित पुनःप्रदाय योजून हा गुण आणता येतो व तसा तो आणलाही गेला आहे.

एक उदाहरण : वरील घटकांचे सापेक्ष महत्त्व दाखविणारे उत्तम उदाहरण इतिहासातच उपलब्ध आहे. अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या बासमन या विवर्धकाचे ५एफ६-ए हे मंडल १९५८ च्या सुमारास प्रचारात आले. लंडनमधील वाद्यविक्रेते जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांनी १९६२ मध्ये तयार केलेला जेटीएम४५ हा विवर्धक त्याच मंडलाची जवळजवळ प्रत होता. नादनियंत्रक मंडलाची मांडणी, टप्प्यांचा क्रम व कलाविभाजक ही अंगे समान होती. तरीही दोहोंचे आवाज भिन्न ठरले आणि पुढे तर त्यांतून दोन वेगळ्या ध्वनिपरंपरा निर्माण झाल्या.

फरक पुढीलप्रमाणे होते. बासमनमध्ये दहा इंची चार ध्वनिक्षेपक विवर्धकाच्याच, मागून अंशतः उघड्या पेटीत होते. मार्शलने बारा इंची चार ध्वनिक्षेपक मागून बंद असलेल्या स्वतंत्र पेटीत बसविले. पहिल्या टप्प्यात बासमनमध्ये सुमारे ४४ विवर्धनांकाची १२एवाय७ नलिका होती. मार्शलने तेथे १०० विवर्धनांकाची ईसीसी८३ घातली, त्यामुळे पुढील टप्पे लवकर अतिभारित होऊ लागले. ५८८१ या अमेरिकन शक्तिनलिकांच्या जागी पुढे केटी६६ ही ब्रिटिश नलिका आली. प्रदान रोहित्र स्थानिक बनावटीचे होते. पुनःप्रदायाचा २७ किलो-ओहमाचा रोधक तोच राहिला; पण बासमनमध्ये तो रोहित्राच्या २ ओहमांच्या टोकाला, तर आरंभीच्या जेटीएम४५ मध्ये १६ ओहमांच्या टोकाला जोडलेला होता. समान शक्तीला १६ ओहमांच्या टोकावरील दाब २ ओहमांच्या टोकावरील दाबाच्या सुमारे २·८ पट असल्याने परत दिला जाणारा भाग त्याच प्रमाणात वाढला. पुढील मार्शल विवर्धकांत नादनियंत्रकातील ५६ किलो-ओहमाच्या रोधकाऐवजी ३३ किलो-ओहम व २५० पिकोफॅराडऐवजी ५०० पिकोफॅराड अशी मूल्ये आली आणि मध्य कंप्रतांचा उठाव वाढला. थोडक्यात, नकाशा एकच असूनही ध्वनिक्षेपक व पेटी, पहिल्या टप्प्याचे विवर्धन, पुनःप्रदाय व दोन-तीन घटकांची मूल्ये यांनी आवाज बदलला. नलिकेच्या वाट्याला यांतले जे आले, ते तिच्या विवर्धनांकाच्या द्वारे आले. काचेवरील छापाच्या द्वारे नव्हे.

विद्युत् पुरवठ्याचा परिणाम : ढकल-ओढ टप्पा जोरदार स्वराला एकदम अधिक प्रवाह ओढतो. पुरवठ्याचा अंतर्गत रोध अधिक असल्यास दाब क्षणभर खचतो व स्वर विरत जाताना पुन्हा चढतो. त्यामुळे आघात किंचित दबतो आणि स्वर लांबल्याचा भास होतो. नलिका-एकदिशकारकांतही याबाबत भेद आहेत : जीझेड३४ मध्ये पूर्ण भाराला सुमारे १७ व्होल्ट दाब पडतो, तर ५वाय३ मध्ये याहून कमी प्रवाहालाही तो पन्नासाच्या घरात जातो. सिलिकॉन एकदिशकारकात तो नगण्य असतो. हा परिणाम ऐकणाऱ्यापेक्षा वाजविणाऱ्याला बोटांखाली अधिक जाणवतो. विवर्धक मर्यादेच्या पुष्कळ खाली वाजविल्यास, किंवा एकाच शक्तिनलिकेच्या ‘अ’ वर्गीय लहान विवर्धकात, तो क्वचितच आढळतो.

नलिकांमधील फरक : निरनिराळ्या प्रकारच्या नलिकांत खरा फरक असतो, कारण त्यांचे विवर्धनांक व अंतर्गत रोध भिन्न असतात. एकाच प्रकारच्या पण भिन्न उत्पादकांच्या नलिकांत आढळणारा फरक बहुधा विवर्धनातील तफावत, विश्रांतिप्रवाह, गुरगुर आणि यांत्रिक धक्क्याने होणारा नाद यांपुरता असतो. शक्तिनलिका बदलल्यावर विश्रांतिप्रवाह पुन्हा जुळविला नाही, तर जो फरक ऐकू येतो तो नलिकेचा नसून चुकीच्या जुळणीचा असतो. अमेरिका व पश्चिम यूरोपातील मोठे उत्पादन थांबल्यानंतर आज नलिका मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन या देशांत तयार होतात. भारतात बंगलोर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने पूर्वी रेडिओसाठी नलिकांचे उत्पादन केले होते. जुन्या साठ्यातील नलिका दुर्मिळ असल्याने महाग असतात; किंमत ही त्यांच्या दुर्मिळतेची निदर्शक असते, आवाजातील फरकाची नव्हे.

तुलनेतील अडचणी : मानवी कान दोन आवाजांपैकी किंचित मोठा आवाज अधिक चांगला ठरवितो. म्हणून दोन विवर्धकांची वा नलिकांची तुलना करण्यापूर्वी त्यांची तीव्रता मोजून समान करणे आवश्यक आहे. भाग बदलण्यास काही मिनिटे लागतात व तेवढ्यात सूक्ष्म नादगुणाची स्मृती पुसट होते. शिवाय कोणता भाग बसविला आहे हे ठाऊक असल्यास अपेक्षेचा रंग निर्णयावर चढतो. यावरील उपाय म्हणजे तोच मुद्रित गिटार-संकेत दोन्ही मंडलांना देणे, तीव्रता जुळविणे, कोणते मंडल चालू आहे हे श्रोत्याला कळू न देणे आणि शक्य तर दोन प्रदानांची वजाबाकी करून काय उरते ते पाहणे. १९८५ मध्ये अमेरिकन अभियंता बॉब कार्व्हर यांनी याच वजाबाकीच्या रीतीने आपला ट्रँझिस्टर विवर्धक एका महागड्या नलिकायुक्त विवर्धकाशी इतका जुळविला की, ‘स्टीरिओफाइल’ या नियतकालिकाच्या परीक्षकांना त्यांतील भेद सांगता आला नाही. हे विवर्धक संगीत ऐकण्याचे होते, गिटारचे नव्हते. तथापि आवाज हा घटकद्रव्याचा नसून आदान-प्रदानातील संबंधाचा गुण आहे, हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते. त्याच तत्त्वावर १९९० नंतरच्या दशकापासून गणकीय पद्धतीने नलिकायुक्त विवर्धकांची अनुकृती करणारी उपकरणे प्रचारात आली. त्यांच्यातही निवडलेल्या ध्वनिक्षेपकाची व पेटीची अनुकृती बदलल्यावर पडणारा फरक सर्वांत ठळक असतो.

निष्कर्ष : नादगुणावरील परिणामाच्या दृष्टीने घटकांचा उतरता क्रम साधारणतः असा लावता येईल : ध्वनिक्षेपक, पेटी व ऐकण्याची जागा, विरूपणाचे प्रमाण आणि त्याच्या आधीची व नंतरची गाळणी, शक्तिटप्प्याचा अंतर्गत रोध व पुनःप्रदाय, प्रदान रोहित्र व पुरवठ्याचे खचणे, नलिकेचा प्रकार, आणि सर्वांत शेवटी नलिकेचा उत्पादक, धारित्राचे द्रव्य व तारेचा प्रकार. आवाजाबाबत असमाधानी असलेल्या वादकाने या यादीच्या वरच्या टोकापासून प्रयत्नास आरंभ करणे हिताचे असते. नलिकेने हा ध्वनी जन्मास घातला हे ऐतिहासिक सत्य आहे. तिच्या मर्यादांमुळेच वादकांना तो सापडला. परंतु तो ध्वनी तिच्या एकटीच्या काचेत साठविलेला नाही.

अखेरीस सुरक्षिततेविषयी एक सूचना आवश्यक आहे. या विवर्धकांतील धारित्रे पुरवठा बंद केल्यावरही चारशेहून अधिक व्होल्टचा प्राणघातक भार काही काळ धरून ठेवू शकतात. तसेच नलिकायुक्त विवर्धक ध्वनिक्षेपक न जोडता वाजविल्यास प्रदान रोहित्र व शक्तिनलिका निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून आतील कोणताही बदल योग्य ज्ञान असलेल्या व्यक्तीनेच, धारित्रे रोधकाद्वारे रिकामी केल्यानंतर व ती रिकामी झाल्याची दाबमापकाने खात्री करून, करावयास हवा.